नव्या घरातली ओल: आधी पाणी शोधा, मग डाग पुसा



आजचा विषय इंग्लंडात नवंकोरं घर घेतलेल्या मंडळींचा आहे. घराची किल्ली मिळते, दूध उतू घालून होतं, वास्तुशांत होते, भारतातून आईबाबा येऊन राहून जातात. मग पहिला हिवाळा येतो. डिसेंबर-जानेवारीत कधीतरी बेडरूममधलं कपाट पुढे ओढावं, तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके दिसतात आणि कुबट वास येतो. बिल्डरला कळवलं की बरेचदा उत्तर येतं, "तुमच्या घरात वाफ फार होते, खिडक्या उघडत जा." आपल्यालाही ते पटतं. कुकरच्या शिट्ट्या, इडलीचं पात्र, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, सगळं डोळ्यांपुढे येतं. मग आपण ब्लीच मारतो, वर रंगाचा हात देतो आणि गप्प बसतो.

बिल्डरचं म्हणणं कधी खरं असतं, कधी नसतं. ते ताडून पाहायचं कसं, हे ठाऊक असायला हवं, कारण वेळ मर्यादित असतो. नव्या घराच्या हमीतली पहिली दोन वर्षं सगळ्यात मोलाची, आणि त्यातला एक हिवाळा तर काय होतंय हे कळण्यातच जातो.

नव्या घरात ओल तीन वाटांनी येते: बांधकामात वापरलेलं पाणी, आपल्या राहण्यातून होणारी वाफ, आणि बांधकामातला दोष. तिन्हींचा डाग सारखाच काळा दिसतो. उपाय मात्र वेगवेगळे, आणि ते करण्याची जबाबदारीही वेगवेगळ्या माणसांची.

बांधकामाचं पाणी

काँक्रीट, विटांमधला मसाला, फरशीखालचा सिमेंटचा थर, भिंतींवरचा गिलावा, रंग, या सगळ्यांत मिळून हजारो लिटर पाणी जातं. काही पाणी सिमेंट घट्ट होताना वापरलं जातं, बाकीचं हळूहळू हवेत निघून जावं लागतं. फरशीखालच्या थराचा इथला ढोबळ हिशोब असा, की पहिले ५० मिलिमीटर रोज एक मिलिमीटर या गतीने वाळतात, त्यापुढचा भाग आणखी सावकाश. म्हणजे ७५ मिलिमीटरचा थर असेल तर तीन महिने सहज लागतात, तेही हवा खेळती असेल तर. ताबा देण्याच्या घाईत त्यावर लगेच व्हिनाइल किंवा लाकडी फ्लोअरिंग टाकलं, की पाणी खाली अडकतं. फळ्या फुगतात, कडा उचलल्या जातात, कोपऱ्यातून वास येतो.

या ओलीवर औषध म्हणजे वेळ आणि हवा. पहिलं वर्षभर घर १८ ते २१ अंशांवर सारखं ठेवावं. लवकर वाळावं म्हणून हीटिंग एकदम वाढवलं तर गिलाव्याला तडे जातात. कपाटं, पलंग, सोफा बाहेरच्या भिंतींपासून पाच-दहा सेंटिमीटर लांब असावेत. वर्षभर वॉलपेपर लावू नये, कारण भिंतीला श्वास घ्यायला जागा हवी. पहिल्या हिवाळ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, लावलं तर त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते वहीत लिहून ठेवा. घर बांधकामाच्या पाण्याने ओलं असेल, तर आपली राहणी तीच असताना तो आकडा महिन्यागणिक उतरत जायला हवा. उतरतच नसेल, तर पाणी दुसरीकडून येत आहे.

मुंबईची खिडकी आणि लंडनची खिडकी

आता दुसरी वाट, आपली स्वतःची वाफ. इथे आपली जुनी सवय आड येते. मुंबईत, कोकणात ओल पावसाळ्याची. बाहेर पाऊस लागला की आपण खिडक्या लावून घेतो, आणि ते बरोबरच आहे. जुलैतल्या मुंबईची २८ अंशांची दमट हवा घनमीटरला २३ ग्रॅमच्या आसपास बाष्प घेऊन येते. खिडकी उघडली की ते बाष्प घरात.

इंग्लंडातल्या जानेवारीत गणित उलटं होतं. थंड हवेत बाष्प मावतच नाही. बाहेर पाच अंश तापमान आणि रिमझिम पाऊस असला, तरी त्या हवेत घनमीटरला फार तर सात ग्रॅम बाष्प असतं. ती हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, कारण २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम मावतात. म्हणजे बाहेर पाऊस पडत असतानाही खिडकी दहा मिनिटं उघडली, तर इथलं घर कोरडं होतं. हे मनाला पटत नाही, पण मोजून पाहता येतं.

घरातली वाफ येते कुठून? पाच किलो कपडे मशीनमधून चांगले पिळून निघाले, तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरतं. ते दिवाणखान्यात वाळले की सगळं पाणी हवेत जातं. दोन माणसं रात्रभर दार लावून झोपली की श्वासातून आणि घामातून अर्धा लिटर बाष्प होतं. त्यात अंघोळी, डाळ-भात, उकडलेले बटाटे धरा.

ही वाफ घराच्या सगळ्यात गार भागावर जाऊन बसते. समजा, बेडरूममधली हवा २० अंशांवर आहे आणि आर्द्रता ६० टक्के आहे. आकडा काळजीचा वाटत नाही. पण कपाटामागे ऊब पोचत नाही, तिथली भिंत १५ अंशांवर असते. त्या भिंतीला टेकलेल्या हवेची आर्द्रता होते ८० टक्के. बुरशीला ओघळणारं पाणी लागत नाही. पृष्ठभागापाशी ८० टक्के आर्द्रता बरेच दिवस टिकली, की ती रुजते. भिंत १२ अंशांपर्यंत उतरली तर चक्क दव पडतं. म्हणून बुरशी खोलीच्या मधोमध दिसत नाही. ती कपाटामागे, पलंगाखालच्या बॅगांमागे, छताच्या कोपऱ्यात, बाहेरच्या भिंतीला लावलेल्या देवघराच्या पाठीमागे वाढते.

हवा बाहेर जाते का, ते तपासा

वाफ आपलीच असली, तरी सगळा दोष आपल्यावर घेण्याआधी घराची हवा बाहेर टाकण्याची सोय चालते का ते पाहा. नवी घरं ऊब राखण्यासाठी घट्ट बांधलेली असतात. जुन्या घरात फटींतून वारा यायचा, इथे तो येत नाही. म्हणूनच इंग्लंडच्या बांधकाम नियमांतला 'पार्ट एफ' हा भाग हवा किती खेळली पाहिजे ते आकड्यांत सांगतो. बाथरूमच्या साध्या पंख्याने सेकंदाला किमान १५ लिटर हवा ओढावी. स्वयंपाकघरात शेगडीवरच्या हूडने ३० लिटर, आणि पंखा दुसरीकडे असेल तर ६० लिटर.

घरच्या घरी चार गोष्टी बघता येतात.

पहिली: पंखा चालू करून त्याच्या जाळीला टिश्यू पेपर लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. पडला तर पंखा नुसता आवाज करतोय.

दुसरी: शेगडीवरच्या हूडची हवा खरोखर घराबाहेर जाते का? काही हूड हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडतात. त्याने फोडणीचा वास आणि तेलकटपणा कमी होतो, वाफ तिथेच राहते. असा हूड असेल तर वाफ काढायला वेगळा पंखा असायलाच हवा.

तिसरी: खिडकीच्या चौकटीत वरच्या बाजूला एक लांबट फट असते, तिला ट्रिकल व्हेंट म्हणतात. गार वारा येतो म्हणून आपण ती बंद करतो. ती उघडी ठेवायची असते. काही घरांत त्याऐवजी हवा सतत बदलणारी आणि जाणाऱ्या हवेची ऊब राखून ठेवणारी एमव्हीएचआर यंत्रणा असते. वीज वाचवायला ती बंद करू नका, आणि तिचे फिल्टर वेळेवर बदला.

चौथी: आतल्या दारांच्या खाली सुमारे १० मिलिमीटर फट हवी, तीही गालिचा टाकून झाल्यावर. जाड कार्पेटने ती बुजली, की बेडरूमची हवा पंख्यापर्यंत पोचतच नाही.

आणखी एक कागद मागा. नव्या घरात हवेचा वेग प्रत्यक्ष मोजून त्याची नोंद घरमालकाला द्यावी, असं हाच नियम सांगतो. किल्लीबरोबर मिळालेल्या फायलीत ती नोंद शोधा. नसेल तर बिल्डरकडे लेखी मागा. ती मिळाली नाही, किंवा आकडे कमी असले, तर "तुमच्याच घरात वाफ फार" हे म्हणणं लंगडं पडतं.

लपलेला दोष

तिसरी वाट सगळ्यात महागडी. भिंतीच्या आत, फरशीखाली किंवा माळ्यावर पाणी येत असतं आणि आपल्याला दिसतो तो त्याचा शेवटचा टप्पा. काही खुणा ओळखून ठेवा.

डाग पावसानंतर गडद होतो आणि कोरड्या आठवड्यात फिकट होतो का? मग पाणी बाहेरून येतंय. इथली भिंत दुहेरी असते, आत पोकळी. बाहेरच्या थरातून झिरपलेलं पाणी पोकळीतून खाली उतरून विटांमधल्या छोट्या छिद्रांवाटे बाहेर पडावं, अशी योजना असते. बांधताना पोकळीत मसाल्याचे गोळे पडून राहिले, तर तोच पूल होतो आणि पाणी आतल्या भिंतीला येतं. ती छिद्रं आपण होऊन कधी बुजवू नका.

डाग जमिनीलगत आहे का? बाहेर जाऊन पाहा. भिंतीतला ओल अडवणारा थर बाहेरच्या जमिनीपेक्षा किमान १५० मिलिमीटर वर असावा लागतो. अंगणात फरसबंदी करताना किंवा फुलांचा वाफा भरताना माती त्याच्यावर चढली, तर पाणी तो थर ओलांडून आत शिरतं.

वरच्या मजल्याच्या छताला डाग आहे का? टॉर्च घेऊन माळ्यावर डोकवा. बाथरूमच्या पंख्याची नळी निसटून तिथेच वाफ सोडत असेल, किंवा छताच्या कडेला जिथून वारा आत यायला हवा तिथे इन्सुलेशन कोंबलेलं असेल, तर थंडीत लाकडावर पाण्याचे थेंब दिसतात.

हवामानाशी काहीच संबंध नाही, डाग सारखा वाढतोय? मग नळ गळत असेल. रात्री सगळे नळ आणि मशीन बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी कोणी नळ उघडण्याआधी परत पाहा. बदलला तर गळती आहे. हीटिंगच्या बॉयलरचा दाब पुन्हा पुन्हा उतरत असेल आणि दर थोड्या दिवसांनी पाणी भरावं लागत असेल, तर रेडिएटरच्या पाइपांत गळती असू शकते. टीव्ही किंवा तसबीर लावताना मारलेला स्क्रू भिंतीतल्या पाइपात गेला असेल, तर तो जोवर आत आहे तोवर पाणी थेंबथेंबच झिरपतं आणि महिनोन्महिने कळत नाही.

आणखी एक साधी परीक्षा. डागाजवळ स्वच्छ प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेप लावून पक्का चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर ओल हवेतली. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडे आलं तर ओल भिंतीतून येतेय. हा कोर्टातला पुरावा नव्हे, पण कुठे शोधायचं ते त्यातून कळतं.

वही ठेवा

दहा-पंधरा पौंडांत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र, हायग्रोमीटर, मिळतं. एक बेडरूममध्ये ठेवा, एक दिवाणखान्यात. महिनाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहा, आणि त्या दिवशी पाऊस होता का तेही लिहा. थंडीत आकडा बहुतेक वेळ ४० ते ६० टक्क्यांत असावा. तो सतत ७० च्या वर असेल तर हवा बाहेर जात नाही; आधी पंखे आणि कपडे वाळवण्याची जागा यांकडे बघा. पण खोलीत सतत ५० टक्के असूनही एकाच ठिकाणी भिंत ओली राहत असेल, तर आपल्या कुकरला दोष देता येत नाही. तिथे इन्सुलेशन राहून गेलंय किंवा पाणी येतंय. हा आकडा बिल्डरपुढे ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

हे इतकं आग्रहाने सांगायचं कारण आहे. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल इथे अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्यामुळे श्वसनाचा आजार होऊन त्याचा मृत्यू झाला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये कॉरोनरने नोंदवला. त्याच्या आईवडिलांनी वारंवार तक्रार केली होती, आणि त्यांच्या राहणीकडेच बोट दाखवलं गेलं होतं. ते घर नवं नव्हतं, भाड्याचं होतं. त्यानंतर झालेला 'अवाबचा कायदा' इंग्लंडातल्या सामाजिक घरांना २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. धोकादायक ओलीची तपासणी किती दिवसांत करायची, हे त्यात ठरवून दिलं आहे. स्वतःच्या मालकीच्या नव्या घराला तो लागू होत नाही. पण परदेशातून आलेल्या कुटुंबाला "तुमची राहणीच तशी" असं किती सहज ऐकवलं जातं, हे त्या प्रकरणातून दिसलं.

डाग पुसताना

आधी फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. डाग साधारण एक चौरस मीटरपेक्षा लहान असेल तर घरी साफ करता येतो. मुलं, दमा असलेली माणसं आणि भारतातून आलेले आजी-आजोबा यांना त्या खोलीपासून दूर ठेवा. खिडकी उघडा, खोलीचं दार लावा, हातमोजे, चश्मा आणि एफएफपी ३ प्रकारचा मास्क घाला. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा, कापड पिशवीत बांधून टाकून द्या, भिंत कोरडी करा. कोरड्या ब्रशने घासू नका आणि साधा व्हॅक्यूम फिरवू नका, कारण त्याने बीजाणू घरभर उडतात. ब्लीच कधीही व्हिनेगर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशी काळी आहे की हिरवी, यावरून ती किती घातक ते ठरत नाही, त्यामुळे रंगावर जाऊ नका.

प्लास्टरबोर्ड आतपर्यंत भिजून मऊ झाला असेल तर पुसून उपयोग नाही, तो कापून बदलावा लागतो. पण बिल्डर किंवा सर्व्हेअरने पाहण्याआधी तुम्ही स्वतः कापू नका. घरात कुणाला खोकला, धाप किंवा सर्दी बरीच होत नसेल, तर जीपीला घरात बुरशी आहे हे आपणहून सांगा. ते नेहमी विचारतीलच असं नाही.

बिल्डरशी बोलताना

फोनवर बोलणं झालं तरी मागोमाग ईमेल करा. त्यात तारीख, खोली, फोटो, हायग्रोमीटरचे आकडे आणि पावसाची नोंद द्या. "डाग काढून द्या" असं लिहू नका. "ओलीचं कारण शोधून लेखी कळवा" असं लिहा. डाग काढून द्या म्हटलं, की माणूस येतो, बुरशीनाशक मारतो, वर रंग देतो आणि काम संपलं म्हणून सही घेतो.

एनएचबीसीची हमी दहा वर्षांची असली, तरी पहिल्या दोन वर्षांत दोष दुरुस्त करणं हे बिल्डरचं काम असतं. तिसऱ्या ते दहाव्या वर्षापर्यंत तो विमा असतो, तोही ठरावीक भागांच्या नुकसानापुरता. इतर कंपन्यांच्या हमीचा साचाही बराचसा असाच, तरी आपले कागद नीट वाचा. म्हणून दोन वर्षं संपायच्या आत लेखी तक्रार गेलेली असलीच पाहिजे. बिल्डर दाद देत नसेल तर हमी देणाऱ्या संस्थेकडे जा. तो न्यू होम्स क्वालिटी बोर्डाकडे नोंदलेला असेल, तर न्यू होम्स ओम्बड्समनकडे तक्रार करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

स्वतःचा तज्ज्ञ आणायचा तर ओलीवरचे उपचार विकणाऱ्या कंपनीची फुकट तपासणी टाळा. जो विकायला येतो, त्याला विकण्याजोगा रोग सापडतो. आरआयसीएसचा सर्व्हेअर फी घेतो, पण कारण सांगतो.

तर येत्या शनिवारी एवढं करा. बाहेरच्या भिंतींना लागून असलेलं प्रत्येक कपाट हातभर पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारा. बाथरूमच्या पंख्याला टिश्यू लावून पाहा. आणि किल्ली मिळाल्याच्या तारखेत एक वर्ष नऊ महिने मिळवून तो दिवस फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी घरभर फिरून जे जे ओलं दिसेल ते लिहून बिल्डरला पाठवायला तीन महिने हातात राहतील.

ओळखीत कुणी नवं घर घेत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.